फुंकर मारत केलेली दाढी

आमच्या बाजारात माझ्याइतका दमाचा सलूनवाला दुसरा नाही. सकाळी शटर वर ढकललं की दिवे लागेपर्यंत मी उभा. एका हातात वस्तरा, दुसऱ्या हातात गिऱ्हाइकाचं नाक, आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. हे सगळं मी शेजारच्या चपलांच्या दुकानदाराला ऐकवत होतो, ऐकवता ऐकवता शटर ढकलत होतो, आणि शटर अर्धं वर जायच्या आत मी पूर्ण खाली बसलो. तेव्हापासून बाजारात माझी ख्याती तीच आहे, फक्त लोकांनी तिच्यात एक य घातलाय. दमाचा होतो, दम्याचा झालो.

खरं तर हा दमा नव्हे. डॉक्टर म्हणाले, हा दम्याचा चुलतभाऊ. दमा येतो आणि जातो. हा एकदा आला की घरजावई होऊन बसतो. फुफ्फुसं जुन्या स्पंजासारखी ढिली पडलीत, आत घेतलेली हवा बाहेर यायला तयार नाही. "बरं होणार नाही, पण सांभाळता येईल," असं म्हणून त्यांनी मला श्वासाच्या वर्गात धाडलं.

त्या वर्गाइतकी किळसवाणी जागा मी आयुष्यात पाहिली नाही, आणि मी लोकांच्या कानातले केस कापून जगलेला माणूस आहे. गोल मांडलेल्या खुर्च्या, त्यांवर माझ्यासारखीच पिचकलेली माणसं, आणि प्रत्येकाच्या मांडीवर कफ थुंकायचा झाकणाचा डबा. तास सुरू व्हायच्या आधी हे लोक डबे उघडून एकमेकांना दाखवत. "कालच्यापेक्षा पांढरा आहे." "माझा बघा, जरा हिरवट मारतोय." कापडाच्या दुकानातही माणसं इतक्या प्रेमाने रंग बघत नाहीत. माझ्या शेजारची आजी तर मला म्हणाली, "तुमचा दाखवा की, लाजता काय?"

वर्ग घेणारी बाई उत्साही होती. तिचं नाव मी फुंकरबाई ठेवलं, कारण ती सगळ्यांवर एकच औषध सांगायची. नाकाने श्वास आत, ओठांचा चंबू, आणि मेणबत्ती हलेल पण विझणार नाही अशी लांब फुंकर बाहेर.

"काका," ती मला म्हणाली, "तुमच्याकडे रोज ताकदीची एकच बादली. नळ पुन्हा येणार नाही. ती अंघोळीलाच ओतलीत तर दाढ्या कशाच्या जोरावर कराल?"

मग तिने काटकसर शिकवली. उभ्याने करायचं ते बसून करा. उचलू नका, सरकवा. हात खांद्याच्या वर नेऊ नका, कोपराला टेकू द्या. जोर लावायचा त्याच क्षणी फुंकर सोडा. जड काम दुसऱ्याला द्या. आणि बोलणं! बोलण्यात सगळ्यात जास्त गळती होते म्हणे. वाक्य एका दमात संपवायचं नाही. निम्मं बोला, थांबा, नाकाने आत, चंबू, फुंकर, मग उरलेलं निम्मं.

आता आपल्या भाषेची खोड अशी, की माणूस सगळं बोलून मोकळा होतो आणि मग शेवटी नाही म्हणतो. हे त्या बाईच्या लक्षात आलं नाही. माझ्याही आलं नाही.

पहिल्याच सकाळी बायकोने विचारलं, "अहो, चहात साखर टाकू?"

"टाकायची," मी म्हणालो. नाकाने आत. चंबू. फुंकर. "नाही."

चहा पाकासारखा झाला होता. मी प्यायलो. त्याच संध्याकाळी ती म्हणाली, "तुमचं हे असं, माझी एकटीची धावपळ होते. आईला बोलवू का चार दिवस?"

"बोलव," मी म्हणालो, आणि शिकवल्याप्रमाणे शांतपणे नाकाने श्वास घेतला, ओठांचा चंबू केला, मेणबत्ती हलेल पण विझणार नाही अशी फुंकर सोडली. "ऊ नकोस."

तोवर ती फोनवर होती. सासूबाई आल्या त्या अजून आहेत.

घरी अंघोळ आता प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून. वाफ कोंडू नये म्हणून मोरीचं दार किलकिलं. त्या फटीतून सासूबाई येता-जाता मार्गदर्शन करतात. "जावईबापू, कानामागे राहिलं." अंग पुसण्यात दम जातो म्हणून पुसायचंच नाही, टॉवेलाचा झगा घालून नुसतं बसायचं, पाणी आपोआप टिपलं जातं, ही फुंकरबाईची युक्ती. बायकोने घरातले सगळे जुने टॉवेल जोडून झगा शिवला. एका टॉवेलवर कुठल्याशा लॉजचं नाव होतं, ते नेमकं बसायच्या जागी आलं. झगा कधी पुरता वाळत नाही. त्याला भिजलेल्या कुत्र्याचा वास येतो आणि रोज सकाळी मी त्या कुत्र्याच्या पोटात बसून चहाची वाट बघतो. समोर सासूबाई बसतात, मला न्याहाळतात आणि लेकीला सांगतात, "ओठ बघ गं यांचे. काल जांभळे होते, आज निळे दिसतात."

तुम्हीच सांगा, असल्या माणसाला दुकानाशिवाय दुसरं काय उरतं? माझी पहिली खुर्ची. खिडकीजवळची, पायाने दाबून वर-खाली होणारी. तिच्यामागे उभं राहिलं की मी माणूस असतो. घरी मी ओला टॉवेल असतो.

तेव्हा दुकानात मी काटकसर मन लावून सुरू केली. चाकांचं स्टूल आणलं. गिऱ्हाइकाभोवती मी आता बसल्या बसल्या फिरतो. साबण, ब्रश, पाण्याची बाटली, सगळं कोपराच्या उंचीवर. हाताला टेकू हवा म्हणून कोपर गिऱ्हाइकाच्या खांद्यावर. काही लोकांना ते आवडलं, त्यांना वाटलं मी आपुलकी दाखवतोय. पण वस्तरा ओढताना फुंकर सोडायची हे मात्र कुणाला पचेना.

"अहो, मानेवर काय फुंकताय?" भाजीवाला ओरडला. "मी काय गरम बटाटा आहे?"

दुसरा एक जण गप्प बसून होता. दाढी झाल्यावर हळूच म्हणाला, "मंतरताय का काही?"

आणि मी बोलत नाही हे तर कुणालाच सहन होईना. लोक दाढीला येतात ते गप्पांसाठी, केस घरीही वाढतात. बोलायचं काम मग बारक्याने उचललं. बारक्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. त्याला स्वतःला टक्कल पडलंय, तरी आमच्यात तो बारक्याच. दुसरी खुर्ची त्याची. तो बोलतो खूप, पण त्याचे विषय दोनच, त्याचं पोट आणि त्याच्या पोटाचं कालचं वागणं. फेस लावलेली माणसं पळून जाऊ शकत नाहीत म्हणून ऐकतात.

मग डब्याचं प्रकरण झालं. सांगायची इच्छा नाही, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझा थुंकीचा डबा स्टीलचा, झाकणाचा. साबणाचा डबाही स्टीलचा, झाकणाचा. दोन्ही कोपराच्या उंचीवर. मी काटकसर म्हणून डोळे मिटून विसावलो होतो. बारक्याने गिऱ्हाइकाला पोटाची हकीकत सांगत सांगत हात लांबवला, डबा उघडला, ब्रश बुडवला आणि घोळवू लागला. घोळवतोय, घोळवतोय, फेस काही येईना. मग त्याने वास घेतला.

गिऱ्हाइकाच्या गालापर्यंत ब्रश पोचला नाही, एवढंच म्हणू शकतो. बारक्या बेसिनपर्यंत पोचला नाही. त्याच्या पोटाच्या कालच्या वागण्यावर आजच्या वागण्याने कडी केली, आणि ते सगळं त्या गिऱ्हाइकाच्या बुटांत गेलं.

बातमी माझ्याआधी घरी गेली.

"बास झालं," बायको म्हणाली. "दुकान बारक्या भावोजींना द्या आणि घरी बसा. बसल्या बसल्या धान्य निवडा. सावकाश, फुंकर मारत."

"मलाही सोबत होईल," सासूबाई म्हणाल्या.

मी झग्यात बसून गयावया केली. तुकड्या तुकड्यात केल्यामुळे तिला बराच वेळ लागला. शेवटी बायको एवढ्यावर आली: "येत्या रविवारी मी स्वतः दुकानात येऊन बसते. फौजदारसाहेब येतात ना? त्यांची दाढी करून दाखवा. धाप लागता कामा नये, ओठ निळे होता कामा नयेत. जमलं तर खुर्ची तुमची. नाही जमलं तर त्याच दिवशी बारक्या भावोजींची. आणि घसाघशीचं काम भावोजींना द्यायचं, बारीक तेवढं तुम्ही करायचं. बाईंनी सांगितलंय, जड काम दुसऱ्याला द्या."

फौजदार निवृत्त होऊन जमाना झाला, पण त्यांची मिशी अजून नोकरीत होती. दारातून आधी मिशी आत यायची, मग तिच्यामागून फौजदार. बाजारातले रिक्षावाले मिशी बघून रिक्षा सरळ लावत. तिला माझ्याशिवाय कुणाचा हात लागलेला नव्हता. बारक्याला तर ते शेजारच्या खुर्चीतूनही खोकू देत नसत.

रविवारी बायको बाकावर बसली, पर्स मांडीवर घेऊन, निकाल लावायला आलेल्या परीक्षकासारखी. फौजदार खुर्चीत बसले. मी स्टुलावरून सरकत गेलो, कापड बांधलं, गरम टॉवेल पिळायला बारक्याला दिला.

"लेक डोकं खाते रे," फौजदार म्हणाले. "म्हणते, बाबा, काढून टाका ती मिशी. नातू दचकून रडतो."

"मग काढणार का साहेब?" बारक्याने विचारलं.

"बघू," असं म्हणून फौजदारांनी मान मागे टाकली. तोंडावर गरम टॉवेल पडला आणि टॉवेलाखालून घोरणं सुरू झालं.

बारक्याने टॉवेल काढला, फेस लावला आणि गालांची घसाघशी सुरू केली. मी स्टुलावर विसावून माझी बादली राखून ठेवत होतो, बारीक कामासाठी. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. बायकोचा चेहरासुद्धा थोडा सैल झाला होता. गाल झाले, हनुवटी झाली, आणि बारक्याचा वस्तरा ओठाच्या वर येऊन थांबला. फेसाने मिशी पार बुजली होती. भला माणूस, त्याने विचारलं.

"दादा, मिशी?"

"काढायची," मी म्हणालो.

आणि इथे मी शिकवलेलं सगळं बरोबर केलं. घाई केली नाही. नाकाने आत घेतला, ओठांचा चंबू केला, फुंकर सोडली. फुंकर अर्ध्यावर असताना मला वस्तरा खाली येताना दिसला. पण बाहेर जाणाऱ्या हवेला माणूस परत बोलावू शकत नाही, आणि चंबू केलेल्या तोंडाने ओरडता येत नाही. मी हात हलवले. बारक्याला वाटलं, मी माशी हाकलतोय.

"नाही," मी म्हणालो.

"काय नाही?" बारक्या म्हणाला. वस्तऱ्यावर फेसासकट डावी मिशी होती.

"अगं बाई," बायको बाकावरून म्हणाली.

घोरणं थांबलं. फौजदारांनी डोळे न उघडता सवयीने हात वर नेला, उजव्या बाजूला पीळ दिला, मग डाव्या बाजूला गेले. बोटं हवेत फिरली. पुन्हा फिरली. मग एक डोळा उघडला.

"दुसरी कुठंय?"

बारक्याने वस्तरा पुढे केला, परत द्यावी तसा.

फौजदार कापडासकट उठले. "कोणी सांगितलं हे?"

"दादाने," बारक्या म्हणाला.

"मी सांगितलं," मी म्हणालो, आणि फुंकर. "नव्हतं."

तोवर माझी कॉलर त्यांच्या मुठीत होती. चाकांचं स्टूल माझ्याखालून निघून बेसिनला धडकलं. माझ्या छातीत शिट्टी वाजायला लागली. बायको उठून उभी राहिली, तिची नजर सरळ माझ्या ओठांवर. मी ओठ आत दुमडून घेतले. रंग दिसला नाही तर निकाल कसा लागणार? फौजदारांना वाटलं, मी हसू दाबतोय.

"हसतोस?"

मी खाली बसलो, कोपरं गुडघ्यांवर टेकली, पुढे वाकलो आणि फुंकर मारत राहिलो. थुंकी आली ती गिळली. डबा मागितला असता तर तिथेच संपलं असतं. किळस आली, पण स्वतःचीच असल्यामुळे चालवून घेतली. हळूहळू शिट्टी खाली आली. बायकोने डोळे बारीक करून बघितलं आणि परत बसली, पण बाकाच्या अगदी कडेला.

फौजदारांनी आरशात बघितलं. डावीकडून ते कुणीतरी कारकून दिसत होते आणि उजवीकडून फौजदार. ते बराच वेळ एकदा कारकुनाकडे, एकदा फौजदाराकडे बघत राहिले. मग धपकन खुर्चीत बसले.

"असा मी बाहेर जाऊ शकत नाही," ते म्हणाले. "उरलेली काढ. तू काढ. हा टकल्या माझ्या जवळ आला तर आत टाकीन."

आत टाकायचा अधिकार त्यांना राहिला नव्हता, पण बारक्या दुकानामागच्या मोरीत जाऊन उभा राहिला.

मी स्टूल ओढून घेतलं. फेस लावला, हात न उचलता, मनगटाने. कोपर खुर्चीच्या हातावर टेकलं. नाकाने आत, आणि वस्तरा टेकवला तो फुंकरीबरोबर. फुंकर संपली की वस्तरा थांबला. पुन्हा आत, पुन्हा फुंकर, पुन्हा वस्तरा. फुंकर सरळ साहेबांच्या ओठांवर जात होती, पण ते हूं की चूं करेनात. मिशी थराथराने उतरली. तिच्या मुळाशी किती जेवणांचे, किती चहांचे अवशेष होते ते मी लिहून सांगणार नाही, तुमचं जेवण राहिलं असेल. खालची कातडी इतक्या वर्षांनी उजेडात आली होती. ओल्या दगडाखाली बेडूक सापडावा, तसा तो ओठ पांढरा, गार आणि घाबरलेला होता. एक ओरखडा नाही, एक ठिपका रक्ताचा नाही. अशी दाढी मी उभ्याने, गप्पा मारत, धडधाकट छातीनेही कधी केली नव्हती.

वस्तरा पुसून ठेवला तेव्हा बादलीत पाणी उरलं होतं. छाती शांत होती. मी वळून ओठ पूर्ण बाहेर काढून बायकोला दाखवले.

तिने जवळ येऊन बघितले. बोटाने खालचा ओठ खाली ओढून आतूनही बघितला, बाजारात गुरं बघतात तसा.

"गुलाबी आहेत," ती म्हणाली. आणि मग, मला अजून खरं वाटत नाही, "जमलं की हो तुम्हाला. बसा तुमच्या खुर्चीशी."

मोरीतून बारक्या म्हणाला, "शाब्बास दादा!" मनापासून म्हणाला, त्याला पहिल्या खुर्चीची हौस कधीच नव्हती. खिडकीतून ऊन येतं आणि त्याने त्याचं पोट बिघडतं.

फौजदारांनी ओठावरून हात फिरवला. आरशातल्या कारकुनाला ते हळूहळू सरावत होते. "हं," ते म्हणाले. "नातू आता रडायचा नाही. गार लागतंय मात्र. जरा पावडर मार."

"मी मारतो," बारक्या म्हणाला.

"तू मोरीतच थांब," फौजदार म्हणाले.

पावडरचा डबा बारक्याच्या खणात होता, नवा, न उघडलेला. झाकण घट्ट बसलं होतं. मी डबा मांडीवर घेतला, कोपरं टेकली, दोन्ही हातांनी झाकण धरलं. जोर लावायचा त्याच क्षणी फुंकर सोडायची हे आता माझ्या अंगात इतकं मुरलं होतं, की विचार करावाच लागला नाही. जोर लावला. फुंकर सोडली. झाकण निघालं.

फुंकर सरळ डब्यात गेली.

पांढऱ्या ढगात फौजदार दिसेनासे झाले, आरसा दिसेनासा झाला, बायको शिंकताना ऐकू आली. आणि फुंकरीनंतर काय करायचं हेही अंगात मुरलेलंच होतं. नाकाने, सावकाश, खोल, आत.

खिशातला श्वासाचा पंप तोंडात मारला, पुन्हा मारला, उपयोग झाला नाही. चपलांच्या दुकानदाराने फोन केला. ॲम्ब्युलन्स आली. तिच्यातल्या माणसाने माझ्या तोंडाला वाफेचा मास्क बांधला, मला स्टुलावर पुढे वाकून बसवलं आणि म्हणाला, जरा स्थिर होऊ द्या, मग हलवू. ड्रायव्हर रिकामाच होता. तो इकडे-तिकडे बघून पहिल्या खुर्चीत बसला. बायकोने मास्कमागच्या माझ्या ओठांकडे बघितलं आणि बारक्याला मानेने त्या खुर्चीकडे खूण केली. बारक्याने ड्रायव्हरची दाढी केली आणि डाव्या कानाखाली कापलं.